पुणे ते नागपूर : दीड तासाचा हिशेब

माझा भाचा नागपुरात नववीत शिकतो. मागच्या दिवाळीत त्यानं शाळेचा ॲटलास जेवणाच्या टेबलावर पसरला, पुण्यावर पट्टीचं टोक टेकवलं, नागपूरपर्यंत रेघ धरली आणि खालच्या प्रमाणपट्टीवरून अंतर काढलं. मग मोबाइलवर विमानाचा वेग बघितला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “मामा, सहाशे किलोमीटर जायचं हाये. विमान ताशी आठशेच्या वर पळते. मंग तुले दीड तास काहून लागते? पाऊण तासात यायले पाह्यजे ना तू!”

“तो पाऊण तासात आला तर माझा वडाभात कधी होईल रे?” ताई आतून ओरडली.

प्रश्न बिनतोड होता. वर्षातून चार वेळा ही खेप करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला तो कधीच पडला नव्हता, याची थोडी लाजही वाटली. तिकिटावर १ तास ३० मिनिटं लिहिलेलं असतं, कधी पाच मिनिटं कमी, कधी पाच जास्त. आपण ते वाचतो आणि सोडून देतो. त्या दिवशी आम्ही दोघांनी कागद-पेन्सिल घेऊन हा दीड तास उसवला. तोच हिशेब इथं मांडतो.

आधी अंतर. पुणे–नागपूर अंतर किती, या साध्या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. रेल्वेला विचारलं तर ८८१ किलोमीटर. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली पुणे–अजनी (नागपूर) वंदे भारत एवढं अंतर कापते आणि त्याला १२ तास घेते. रेल्वेचं अंतर इतकं वाढतं, कारण गाडी पुण्याहून निघून दौंडला जाते, तिथून उत्तरेकडे वळून अहिल्यानगर, कोपरगाव करत मनमाड गाठते आणि तिथं कुठे पूर्वेला तोंड करते. मग जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा. त्रिकोणाची तिरकी बाजू सोडून दोन बाजूंनी चालत जावं तसं हे आहे. रस्त्याचं अंतर सातशेच्या आसपास पडतं. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून रातराणीतल्या पुष्कळ ट्रॅव्हल्स अहिल्यानगरवरून संभाजीनगरला जातात आणि तिथून समृद्धीला लागतात. पुण्यात शिकणाऱ्या आणि आयटीत राबणाऱ्या अर्ध्या विदर्भाला हा रस्ता झोपेत पाठ आहे.

आणि हवेतलं अंतर ६०५ किलोमीटर. ॲटलासवर पट्टी ठेवून हे साधारण कळतं, पण नेमकं काढायचं तर शाळेतलं गणित पुरतं. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. पुण्याचं लोहगाव १८.५८ उत्तर, ७३.९२ पूर्व. नागपूरचं सोनेगाव २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. अक्षांशांतला फरक २.५१ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर, म्हणून नागपूर पुण्याच्या २७९ किलोमीटर उत्तरेला आहे. रेखांशांतला फरक ५.१३ अंश. इथं मात्र जरा थांबायचं. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात, सोललेल्या संत्र्याच्या फोडींसारख्या. नागपूरच्या माणसाला ही उपमा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. विषुववृत्तावर फोड सर्वांत जाड, तिथं एक अंश १११ किलोमीटरचा. आपल्या विसाव्या अक्षांशाच्या आसपास तो फक्त १०४.६ किलोमीटरचा उरतो, म्हणजे सहा-साडेसहा किलोमीटरची घट. ५.१३ गुणिले १०४.६ केले की ५३७. आता काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू हातात आल्या : २७९ आणि ५३७. दोघांचे वर्ग करून बेरीज ३,६६,२१०, त्याचं वर्गमूळ ६०५. भाच्यानं पायथागोरस इतक्या आनंदानं वापरलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

वैमानिक हेच अंतर ३२७ सागरी मैल असं सांगेल. विमानांनी हे माप जहाजांकडून घेतलं आणि ते दिसतं तितकं विचित्र नाही. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. नकाशावरच्या रेघांतच फूटपट्टी दडलेली. ताशी एक सागरी मैल या वेगाला नॉट म्हणतात.

“पण पृथ्वी तर गोल हाये,” भाचा म्हणाला. “सरळ रेघ कशी चालंल?” खरं आहे. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर कमानीसारखा वाकलेला दिसतो. मुंबईहून अमेरिकेला जाणारं विमान त्यामुळेच थेट उत्तरेकडे चढत गेलेलं दिसतं. पण पुणे–नागपूरसारख्या टप्प्यात ही कमान मधोमध जेमतेम दोन किलोमीटर फुगते आणि एकूण लांबीत पडणारा फरक नगण्य. उंचीचंही तसंच. दहा किलोमीटर वर गेल्यावर वर्तुळ मोठं होतं, मग अंतर वाढत असेल ना? वाढतं, सुमारे एक किलोमीटरनं. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, तिच्यापुढे विमानाची उंची म्हणजे फळाच्या सालीवरची धूळ.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग नागपूर आपल्यापासून पळत असेल, पुणे आपल्याकडे धावत येत असेल, ही शंका त्याच्या आजोबांनी काढली. आपल्या अक्षांशावर जमीन ताशी दीड हजार किलोमीटरहून अधिक वेगानं फिरते. पण सोबत हवाही फिरते आणि विमान हवेत असतं. धावत्या गाडीच्या डब्यात माशी उडते, तिला मागचं दार येऊन धडकत नाही. आजोबांना हे पटलं की त्यांनी विषय सोडला, ते मला अजून कळलेलं नाही.

फिरण्याचा एक परिणाम मात्र खरा आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून नागपूरला सूर्य पुण्याच्या साधारण वीस मिनिटं आधी उगवतो आणि वीस मिनिटं आधी मावळतो. घड्याळ दोन्हीकडे एकच. संध्याकाळच्या विमानानं पूर्वेकडे निघालं की अंधार आपल्याकडे चालत येतो, खिडकीबाहेरची संध्याकाळ उरकती घेतल्यासारखी संपते. परतीच्या विमानात उलट, पश्चिमेचा तांबूस पट्टा जाता जात नाही.

आता रेघ नकाशावरून जमिनीवर उतरवू. लोहगावहून सोनेगावला ताणलेली दोरी अहिल्यानगर शहराच्या थोडी दक्षिणेकडून जाते. पैठण आणि शहागड यांच्या मधे कुठेतरी गोदावरी ओलांडते. मग परतूरच्या उत्तरेनं पुढे सरकून वाशिमच्या जवळजवळ डोक्यावरून जाते, पुलगावजवळ वर्धा नदी पार करते आणि नागपुरात शिरते. आणि या दोरीचा बरोबर मध्य कुठे येतो? लोणारच्या जवळ. सरोवर दोरीच्या दहा-बारा किलोमीटर उत्तरेला राहतं. नागपूरला जाताना डाव्या हाताची खिडकी धरा. विमान या रेघेच्या आसपास असलं आणि खाली ढग नसले, तर अर्ध्या वाटेवर शेतांच्या चौकटींमधे एक गोल दिसतो. कडेपासून कडेपर्यंत तो जवळजवळ दोन किलोमीटर रुंद. दहा किलोमीटर उंचीवरून तो हात लांब करून धरलेल्या तीन बोटांएवढा दिसतो. आजूबाजूला सगळं चौकोनी, मानवी, वाटण्यांनी कापलेलं; मधेच हे एक काम दुसऱ्याच कुणाचं. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं तेव्हा वरून ते कसं दिसलं असेल, ही माझी जुनी हळहळ आहे. तेव्हा टाळेबंदीमुळे आम्ही सगळे घरात होतो.

प्रत्येक विमान नेमकं याच रेषेवरून जातं असं नाही. आकाशातही ठरलेल्या वाटा असतात, त्यांवर पाच अक्षरी नावांचे काल्पनिक थांबे असतात, लष्करी सरावासाठी राखलेले तुकडे असतात आणि जमिनीवरून बोलणारा नियंत्रक कधी सरळ जायला सांगतो, कधी वळसा घालायला. शिवाय दोन्ही टोकांना धावपट्टीची गाठ पडते. खरी उधळपट्टी तिथंच होते.

धावपट्टीच्या टोकाला मोठ्या अक्षरांत जो आकडा रंगवलेला असतो तो म्हणजे होकायंत्रावरची दिशा, शेवटचं शून्य काढून. लोहगावच्या एकुलत्या एक धावपट्टीला एका बाजूनं १० म्हणतात आणि दुसऱ्या बाजूनं २८. म्हणजे १०० अंश, जवळजवळ पूर्व. आणि २८० अंश, जवळजवळ पश्चिम. विमानाला वारा तोंडावर घेऊन उडायला आणि उतरायला आवडतं. पतंग उडवणाऱ्या कुठल्याही पोराला याचं कारण ठाऊक असतं. पावसाळ्यात पुण्यात वारा पश्चिमेचा, म्हणून नागपूरला जायचं विमान आधी नागपूरकडे पाठ करून उडतं, मग आकाशात वळून पूर्वेची वाट धरतं. ‘१०’ वरून उडायला मिळालं तर तेवढी मिनिटं वाचली. आणि लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. प्रवासी विमानं तिथं पाहुणी. सुखोईंचा सराव चालू असेल तर आपण रांगेत.

नागपूरची धावपट्टी १४ आणि ३२ आकड्यांची, लांबीला ३,२०० मीटर. पुण्याहून येणारं विमान नैर्ऋत्येकडून येतं आणि धावपट्टी वायव्य-आग्नेय पडलेली. म्हणजे आपण घराच्या भिंतीशी पोचलो, दार मात्र बाजूला. मग ‘१४’ वर उतरायचं असेल तर वाडीच्या अंगानं वळून यायचं, ‘३२’ वर उतरायचं असेल तर शहराच्या दक्षिणेकडून पुढे जाऊन उमरेड रोडच्या बाजूनं मागे वळायचं. धावपट्टीच्या सरळ रेषेत विमान पंधरा-वीस किलोमीटर आधीपासून लागतं, वळणावर उतरता येत नाही. दोन्ही टोकांच्या या वळशांत पंचवीस ते चाळीस किलोमीटर सहज वाढतात. ट्रॅफिक जास्त असलं तर वरच एक-दोन घिरट्या घालायला लावतात, त्या वेगळ्या.

आता वेग. भाच्यानं पाहिलेला आकडा चूक नव्हता. या मार्गावर नेहमी दिसणारं एअरबस ए३२० जातीचं विमान वर पोचल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास उडतं. ६०५ भागिले ८३० : ४४ मिनिटं. पण ‘वर पोचल्यावर’ हे दोन शब्द त्यानं सोडले होते.

जमीन सोडताना विमानाचा वेग ताशी २६०-२८० किलोमीटर असतो. दहा हजार फुटांखाली सर्वसाधारण नियम २५० नॉटचा, म्हणजे ताशी ४६० किलोमीटर. खाली पक्षी आहेत, छोटी विमानं आहेत, गर्दी आहे, म्हणून हा गतिरोधक. त्यानंतर वेग वाढत जातो, पण चढण चालूच असते आणि चढणीवर इंजिनाची ताकद दोन कामांत वाटली जाते, पुढे जाण्यात आणि वर जाण्यात. भरलेला ट्रक खंबाटकी घाटात कसा चढतो ते आठवा. ३३ हजार फूट गाठायला वीस मिनिटांच्या आसपास लागतात, आणि तेवढ्यात सुमारे १९० ते २०० किलोमीटर मागे पडलेले असतात.

उतरणीचा हिशेब वैमानिक बोटांवर करतात. जितके हजार फूट उतरायचे, त्याच्या तिप्पट सागरी मैल आधी उतरायला लागायचं. ३३ हजार फूट, म्हणजे ९९ सागरी मैल, १८३ किलोमीटर. नागपूरच्या आधी एवढ्या अंतरावर इंजिनं मंदावतात. लक्ष दिलंत तर आवाज बदलतो, खुर्चीतून अंग किंचित पुढे जातं. ती खूण कळायला लागली की अंदाज चुकत नाही. अजून तासाचा तिसरा हिस्सा शिल्लक असतो आणि विमान जवळजवळ घरंगळत येत असतं.

आता हे दोन आकडे दोरीवर मांडा. पुण्यापासून १९५ किलोमीटर, म्हणजे पैठण-शहागडजवळची गोदावरी. नागपूरच्या आधी १८३ किलोमीटर, म्हणजे वाशिम सोडून कारंजाच्या दिशेनं आल्यावर. म्हणजे गोदावरीपर्यंत चढण, कारंजापासून उतरण. भाच्याचा ताशी ८३० चा वेग फक्त गोदावरी ते कारंजा, सव्वादोनशे किलोमीटर, सोळा मिनिटं! त्या सोळा मिनिटांत हवाईसुंदरी चहा-सँडविचची गाडी पुढून मागे नेते आणि मागून पुढे आणते, ती एवढ्या लगबगीत का असते ते हे गणित केल्यावर मला कळलं.

मग सोळा मिनिटांसाठी एवढं चढायचंच कशाला? वीस हजार फुटांवरूनच जावं की. हा प्रश्न भाच्यानं नव्हे, ताईनं विचारला, कांदा चिरता चिरता. उत्तर इंधनात आहे. वर हवा विरळ, विमानाला अडवणारं कमी, जेट इंजिन तिथंच काटकसरीनं चालतं. चढताना जे तेल जळतं त्यातलं बरंचसं उतरताना वसूल होतं. ज्यांच्या इंजिनांना बाहेरून पंखा असतो त्या छोट्या एटीआर विमानांचं गणित वेगळं. ती ताशी ५०० च्या आसपास उडतात, एवढी उंच जातही नाहीत, आणि तीनशे-चारशे किलोमीटरच्या टप्प्यात जेटपेक्षा फार मागे पडत नाहीत, कारण तिथं जेटला आपला वेग दाखवायला जागाच मिळत नाही. केंद्र सरकारच्या उडान योजनेत सुमारे ५०० किलोमीटरचा तासाभराचा प्रवास २,५०० रुपयांत, असं सूत्र सुरुवातीला ठरलं. तास आणि अंतर यांची ती जोडी याच जातीच्या विमानांच्या चालीशी जुळते.

उंचीची आणखी एक गंमत. पूर्वेकडे तोंड असलेल्या विमानांना विषम आकड्यांचे मजले : ३१, ३३, ३५ हजार फूट. पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम : ३२, ३४, ३६. नागपूरला जाताना मी ३३ व्या मजल्यावर असेन, तर समोरून पुण्याला येणारं विमान ३२ किंवा ३४ व्या. लोणारवर दोघांची गाठ पडली तर मधे हजार फूट, तीनशे मीटर. ऐकायला कमी वाटतं. समोरचं विमान दिसतं आणि आपण “ते बघ” म्हणेपर्यंत मागे गेलेलं असतं. दोघांचा वेग मिळून ताशी सोळाशेच्या वर होतो.

तसं पाहिलं तर पुणे ते नागपूर हा सगळा उतारच आहे. लोहगाव समुद्रसपाटीपासून ५९२ मीटरवर, सोनेगाव ३१५. आमच्या नागपुरात ही माहिती कुणाला सांगू नये.

वाऱ्याबद्दल थोडं. हिवाळ्यात उत्तर भारतावरून बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेचा जोरदार झोत वाहतो. त्याची दक्षिणेची कड आपल्याकडेही येते, आणि डिसेंबर-जानेवारीत विदर्भाच्या वरच्या आकाशात ताशी ८०-१०० किलोमीटरचा वारा नवलाचा नसतो. विमान हवेत उडतं, हवाच पुढे सरकत असेल तर फुकटची सवारी. नागपूरला जाताना चार-पाच मिनिटं वाचतात, पुण्याला परतताना तेवढीच जातात. पावसाळ्यात चित्र फिरतं. द्वीपकल्पाच्या वर खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे झोत वाहू लागतो. १९५० च्या दशकात भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी तो अभ्यासून जगापुढे मांडला. त्याचा गाभा आपल्या दक्षिणेला आणि विमानांच्या वाटेहूनही वर असतो, म्हणून पुणे–नागपूरच्या वाट्याला त्यातली नुसती झुळूक येते. पण जुलैत परतीचं विमान पाच मिनिटं आधी टेकलं तर ते श्रेय वैमानिकाला एकट्याला देऊ नये. मे महिन्यातल्या दुपारी वेळेपेक्षा पोटाची काळजी घ्यावी. तापलेल्या काळ्या जमिनीवरून उठणारी हवा उतरत्या विमानाला एसटीच्या मागच्या बाकाची आठवण करून देते.

एवढं सगळं धरून चाकं जमीन सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत एक तास आणि वर दोन-पाच मिनिटं. मग उरलेली पंचवीस मिनिटं?

ती जमिनीवर जातात. तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसते. घाटात एसटी थांबली की कंडक्टर उतरून चाकामागे दगड लावतो ना, तसे उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान जागचं हललं तो क्षण म्हणजे ‘सुटण्याची वेळ’. दुसऱ्या गावी जागेवर उभं राहून पुन्हा ठोकळे लागले ती ‘पोचण्याची वेळ’. मधल्या सगळ्याला विमानवाले ब्लॉक टाइम म्हणतात. ट्रॅक्टरनं मागे ढकलणं आणि इंजिनं सुरू करणं यात सहा-सात मिनिटं. धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगत जाणं आणि पुढच्यांची वाट पाहणं यात दहा. नागपुरात उतरल्यावर वळून थांब्यावर यायला पाच. ही बावीस झाली. वरची तीन-पाच मिनिटं मुद्दाम टाकलेली असतात.

हे ‘मुद्दाम’ महत्त्वाचं. आपल्याकडे वेळापत्रकापेक्षा पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान वेळेवर आलं असं मोजतात. कोण किती वेळेवर, याचे आकडे दर महिन्याला प्रसिद्ध होतात. मग कंपनी मोसम, गर्दी, मागच्या वर्षीचा अनुभव बघून वेळापत्रकात थोडी भर घालते. लग्नपत्रिकेवर मुहूर्त ११.४२ चा छापतात आणि घरच्यांना “सव्वाअकराला हजर राहा” सांगतात, त्यातलीच गोष्ट. म्हणून पुण्याहून वीस मिनिटं उशिरा निघालेलं विमान नागपूरला दहाच मिनिटं उशिरा पोचतं, आणि “वैमानिकानं वेळ भरून काढली” अशी घोषणा ऐकून आपण कौतुकानं मान डोलावतो. त्यानं थोडी काढलेली असतेही. बाकीची आधीच भरून ठेवलेली असते. यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. पण दोन कंपन्यांच्या वेळांत दहा मिनिटांचा फरक दिसला म्हणून कमी वेळवाल्याचं विमान जास्त पळतं असं समजू नये. दोघांची विमानं बहुधा एकाच जातीची असतात.

६०५ किलोमीटर आणि दीड तास, म्हणजे सरासरी ताशी ४०३. भाच्याला हा आकडा अपमानास्पद वाटला. मग मी त्याला पूर्ण हिशेब करायला लावला. कोथरूडच्या माझ्या दारातून विमानाच्या वेळेआधी अडीच तास निघतो. विमाननगरच्या चौकांनी किती खायचं ते ठरलेलं नसतं, म्हणून अडीच. त्यात दीड तास मिळवा. सामानाच्या पट्ट्याशी वीस-पंचवीस मिनिटं. रिक्षा करून प्रतापनगरला ताईच्या दारात पंधरा-वीस मिनिटं. असे जवळजवळ पावणेपाच तास. सढळ हातानं पाच धरले तर ६०५ भागिले ५, ताशी १२१ किलोमीटर. समृद्धीवर मोटारीला कमाल वेगाची मर्यादा १२०. एवढा खटाटोप करून, गोदावरी ते कारंजा ताशी ८३० नं जाऊन, मामा सरतेशेवटी समृद्धीवरच्या मोटारीच्या चालीनं घरी येतो. ट्रॅव्हल्सनं येणारा रात्री गोधडीत शिरतो आणि सकाळी तर्री-पोहे खायला हजर असतो, हे त्याच्या बाजूनं बोललंच पाहिजे.

नागपूरचं मधोमध असणं हा इथल्या लोकांचा जुना अभिमान. झिरो माइलच्या खांबावर गावोगावची अंतरं मैलांत कोरलेली आहेत आणि शाळेची सहल तिथं एकदा तरी जातेच. पण या मध्याचा आकाशात खरा उपयोग झाला तो जानेवारी १९४९ पासून. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री होते. रोज रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघे आणि चारही सोनेगावला भेटत. थैल्यांची अदलाबदल होई आणि विमानं पहाटेच्या आत आपापल्या शहरांकडे वळत. भाच्याच्याच रीतीनं अंतरं काढून बघा : नागपूर–मुंबई ६८५ च्या आसपास, दिल्ली ८५५, चेन्नई ९१०, कोलकाता ९८५. एवढ्या मोठ्या देशाच्या चार कोपऱ्यांपासून हजार किलोमीटरच्या आत असलेलं हे एक गाव. त्या वेळच्या डाकोटा विमानांना या वाटा अडीच ते साडेतीन तासांच्या, म्हणजे एका रात्रीत जाणं-येणं बसणाऱ्या. दिल्लीत संध्याकाळी टाकलेलं पत्र मद्रासला सकाळी. ही सेवा संपून पन्नासाहून अधिक वर्षं झाली. ताईच्या शेजारचे एक आजोबा मात्र अजून सांगतात की त्यांच्या लहानपणी मध्यरात्रीनंतर लागोपाठ चार विमानांचा आवाज आला की आई म्हणायची, झोपा आता, टपाल आलं.

या फेब्रुवारीत पुन्हा गेलो. विमानाचं दार बंद झालं तेव्हा नेहमीसारखा ताईला फोन केला, “बसलो गं.” विमान ‘१०’ वरून उडालं, मागून वारा होता, लोणार डावीकडे धुरकट दिसलं, विमान ‘१४’ वर उतरलं आणि तिकिटावरच्या वेळेआधी नऊ मिनिटं ठोकळे लागले. रिक्षा लगेच मिळाली. दार उघडलं तर ताई अजून डाळ वाटत होती.

“एवढ्या लवकर कसा काय आलास रे?” ती वैतागून म्हणाली. “तुझ्या फोननंतर दोन तास वीस मिनिटं धरते मी. आजवर कधी चुकलं नाही.”

भाचा आतून वही घेऊन आला आणि वाऱ्याचा वेग विचारू लागला.